बसवलं की निजवलं

हुबळीच्या देशपांडे नगरात एका वकिलांच्या ऑफिसात मी बरीच वर्षं टायपिंग केलं. राहायला मी धारवाडला, मळमड्डीत. सकाळी बसनं जायचं, संध्याकाळी बसनं यायचं. कन्नड आणि इंग्रजी टायपिंग हे पगाराचं काम. पण कोणत्या पक्षकाराचा कुठला कागद यायचा राहिलाय, कोणाला कधी बोलवायचं, कुठल्या कचेरीत कुणाला भेटायचं, हे सगळं माझ्या वहीत असायचं. त्यामुळे एखादं काम कायद्यात बसेना की वकीलसाहेब ते माझ्याकडे सरकवत.

ती म्हातारी अशीच माझ्याकडे आली. ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट असेल. जुन्या हुबळीत राहायची आणि खाणावळींना जोंधळ्याच्या भाकऱ्या थापून द्यायची. सगळे तिला अव्वा म्हणत. मीही अव्वाच म्हणू लागले. ती कन्नडच बोलायची. इथं मी तिचं बोलणं मराठीत लिहिते आहे.

तिचा मुलगा हुबळीतला नावाजलेला गुंड होता. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्या काळी जे हुबळीत राहिले त्यांना ते सांगायला नको आणि बाकीच्यांना त्याचा उपयोग नाही. मटका, हातभट्टी, बाजारातल्या गाळ्यांवरून मारामाऱ्या, दोन खुनांचे आरोप. तो रस्त्यानं चालत आला तर दुकानदार गिऱ्हाईक सोडून उभे राहत. आमच्या वकीलसाहेबांनी त्याला दोन खटल्यांतून सोडवलं होतं. आणीबाणी उठल्यावर वर्षभरात त्याला त्याच्याच धंद्यातल्या लोकांनी भर बाजारात भोसकलं.

अव्वा ऑफिसात आली तेव्हा या गोष्टीला आठ-नऊ वर्षं झाली होती.

"वकीलसाहेब, तुम्ही त्याला दोनदा सोडवून आणलंत," ती म्हणाली. "आता एकदा शोधून द्या की."

"अव्वा, मेलेल्या माणसाची केस आमच्याकडं चालत नाही."

"केस नको मला. तो कुठं आहे आणि त्याला कसं मातीत घातलं, एवढंच सांगा."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "या बाईंना सांगा. यांच्या वहीतून काही निसटत नाही."

मी तिला बाकावर बसवलं आणि विचारलं की स्वतःच्या मुलाला कुठं पुरलं हे आईला माहीत नाही, असं कसं. तिनं पदर सारखा केला आणि सरळ सांगितलं. पोलीस प्रेत घेऊन जा म्हणून सांगायला आले होते. तिनं नको म्हटलं. असला मुलगा मला नाही म्हणाली. नवरा आधीच गेलेला, दुसरं मूल नाही. पुतण्या होता, पण तिनं नाही म्हटल्यावर तोही पुढं झाला नाही. मिरवणूक निघून दंगल होईल या भीतीनं पोलिसांनी प्रेत त्याच्या साथीदारांच्या हाती दिलं नाही. पुढं त्याचं काय केलं ते हिला कुणी सांगितलं नाही आणि हिनंही विचारलं नाही.

"तेव्हा रागात होते," ती म्हणाली. "राग किती दिवस पुरतो, बाई?"

मी वहीत नवं पान काढलं. कुठं, कधी, कोणी नेलं, कशातून नेलं, सोबत कोण होतं, अंगावर काय होतं, कुणी काही म्हटलं का, खूण ठेवली का. तिनं दोनच गोष्टी विचारल्या होत्या. मी त्यांचे बारा प्रश्न केले. असं काम मला जमतं असा माझा समज होता.

घरी यजमानांनी वही पाहिली. ते हायस्कुलात शिक्षक होते.

"बाजाराची यादी आणि मयताची यादी एकाच वहीत?" ते म्हणाले. "कोथिंबीर आणायला जाशील आणि गुंड घेऊन येशील."

"नऊ वर्षांपूर्वीचा आहे, निवडायला वेळ लागेल," मी म्हटलं. तेव्हा मला हसू येत होतं.

सुरुवात मी बाजारापासून केली. तिथं आमच्या नात्यातल्या एकाचं कापडाचं दुकान होतं. सांगलीकडचं घराणं, तीन पिढ्या हुबळीत. त्यांना विचारलं तर त्यांनी गादीवरून पुढं सरकून सांगितलं की त्या दिवशी बाजारात इतकी माणसं होती की पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आपण स्वतः खांदा दिला होता. शेजारच्या भांडीवाल्यानंही खांदा दिला होता. पानवाल्यानं दिला होता. पुढच्या चार दिवसांत मला खांदा देणारे सतरा जण भेटले. एकानं तर चिता पेटताना पाहिली होती.

"पण त्याला पुरला म्हणतात," मी म्हटलं.

"पुरला? असेल बाई. गर्दीत नीट दिसलं नाही."

वहीत मी सतरा नावं लिहिली आणि सतराही खोडली. एवढं खरं होतं की त्या दिवशी दुकानं बंद होती. ती भीतीनं बंद होती. घरात बसलेल्या माणसांनी नऊ वर्षांत एक मोठी अंत्ययात्रा जमवली होती, आणि आता ती त्यांना खरोखर आठवत होती. ते खोटं बोलत आहेत असं मला वाटलं नाही. म्हणूनच काय करावं ते कळेना. खोटं बोलणाऱ्याला उलट प्रश्न विचारून पकडता येतं, हे मी ऑफिसात रोज पाहत होते.

त्याच्या साथीदारांनी त्याचा चौथरा बांधलाय असं मात्र सगळेच सांगत होते. म्हणून मी रुद्रभूमीकडे गेले. अव्वाचे लोक लिंगायत, आणि लिंगायत आपली माणसं जिथं पुरतात ती ही जागा. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. मी फाटकाशी थांबले आणि खड्डे काढणाऱ्या माणसाला बाहेर बोलावून घेतलं. त्यानं लांबूनच दाखवलं. सिमेंटचा कमरेइतका चौथरा, वर सुकलेले हार.

"तो त्याचाच का?"

"लोक म्हणतात."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी खड्डा काढणारा. आत काय गेलं ते मला ठाऊक असतं." त्यानं तंबाखू मळली. "त्याच्या टोळीतली पोरं सकाळी आली. खड्डा काढ म्हणाली. चौकोनी खड्डा, एका बाजूला कोनाडा, सगळं रीतीप्रमाणं काढलं. फुलं आली, भजनवाले आले. दिवस मावळेपर्यंत बसलो सगळे. प्रेत आलंच नाही."

"मग?"

"काढलेला खड्डा रिकामा बुजवू नये. केळीचा खांब घातला आणि बुजवला. चौथरा त्या खांबाचा आहे."

"हे अव्वाला माहीत आहे?"

"तिला मीच सांगितलं. इथं येऊन हार घालायची हो ती. बघवेना."

म्हणजे ती आमच्या ऑफिसात आली ती यानंतर. मी ते लिहून घेतलं. चौकोनी खड्डा, कोनाडा, हेसुद्धा लिहून घेतलं. नुसतं लिहून घेतलं, एवढंच.

अव्वाच्या दारात गेलेला पोलीस मला मळमड्डीतच सापडला. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहत होता, निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली. त्याला अजून जमादारच म्हणत. घरात मराठी. मी जाताच त्यानं खुर्ची पुढं केली, आणि विषय काढल्यावर बायकोला चहा ठेवायला सांगितलं, म्हणजे ती आत गेली.

"त्या बाईनं मला आत घेतलं नाही," तो म्हणाला. "चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. मी दारातनं सांगितलं, अव्वा, तुझा मुलगा गेला, येऊन ताब्यात घे. थापायची थांबली नाही ती. म्हणाली, माझा मुलगा केव्हाच मेला, तुमच्याकडं आहे तो कुणाचा असेल त्याला विचारा. मी म्हटलं, तसं लिहून दे. तर हात तसाच पुढं केला. पिठाचा अंगठा उठेना. दोनदा घ्यावा लागला."

"मग प्रेत?"

"बेवारशी म्हणून लावलं. गोकुळ रोडच्या कारखान्यांच्या मागं तेव्हा बेवारशी मढी पुरायची एक जागा होती. दुपारी ट्रॅक्टरनं नेलं. मी फाटकापर्यंतच होतो. आत एक म्हातारा खड्डेवाला होता, त्यानं केलं काय ते. अजून असेल तो."

"तुम्ही आत का नाही गेलात?"

जमादारानं माझ्याकडे पाहिलं. "अक्का, मला त्याची भीती वाटायची. मेल्यावरसुद्धा."

पुढच्या रविवारी यजमानांना सोबत घेऊन मी गोकुळ रोडला गेले. वर्कशॉप बंद होती. त्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत तारेचं कुंपण होतं, आत बाभळी आणि गवत. खड्डेवाला तिथंच एका पत्र्याच्या खोपीबाहेर बसला होता. फार म्हातारा आणि फार नम्र. आम्ही आल्याचा त्याला आनंद झाला. त्यानं पोतं झटकून अंथरलं आणि मला "बसा की, अक्का" म्हणाला.

त्याला तो दिवस आठवत होता. "एका मढ्याला वीस पोलीस," तो म्हणाला. "जिवंत असताना दोन पण जात नव्हते जवळ." मग उठून जागा दाखवली. तिथं आता स्मशानासारखं काही दिसत नव्हतं, म्हणून मीही आत गेले आणि कुंपणाच्या कोपऱ्यातल्या खांबापासून पावलं मोजली. चौदा. वहीत नकाशा काढला. माझा हात त्या दिवशी हलका चालत होता, हे मला आठवतं. नऊ वर्षं कुणाला न सापडलेली जागा मला तीन आठवड्यांत सापडली होती. मग मी एकेक प्रश्न घेतला.

"दुपारीच आणलं ना?"

"दुपारीच की."

"अंगावर कापड होतं ना?"

"होतं की."

"डोकं दक्षिणेला ठेवलं ना?"

"ठेवलं की, अक्का."

"माती लोटताना कुणी देवाचं नाव घेतलं ना?"

"घेतलं की. मीच घेतलं."

प्रत्येक उत्तरापुढे मी बरोबरची खूण केली. बारा प्रश्न, बारा खुणा. परत येताना बसमध्ये यजमान खिडकीशी बसले. धारवाड जवळ आल्यावर म्हणाले, "फार लवकर झालं गं तुझं."

"लवकर होऊ नये का?"

"तसं नाही. माझ्या वर्गात एक मुलगा असाच आहे. काहीही विचारा, हो म्हणतो. तो हुशार आहे की घाबरलेला, मला वर्ष झालं कळत नाही."

मी त्यांना खिडकी लावायला सांगितली.

सोमवारी अव्वाला बोलावलं. सगळा मजकूर कन्नडमध्ये एका पानावर टाइप केला होता. तो मी तिला वाचून दाखवला. ती मांडीवर हात ठेवून ऐकत होती. ट्रॅक्टर म्हटल्यावर मान हलवली. वीस पोलीस म्हटल्यावर तिला किंचित हसू आलं असं मला वाटलं. नकाशावर तिनं बोट ठेवून जागा समजून घेतली. सगळं संपलं तरी ती उठेना.

"कुंड्रिसिद्रो, मलगिसिद्रो?" तिनं विचारलं. बसवलं की निजवलं?

मी वहीकडे पाहून म्हटलं, "निजवलं. डोकं दक्षिणेला होतं."

"असं तो म्हणाला?"

तो असं म्हणाला नव्हता. ते मी म्हटलं होतं. तो नुसता हो म्हणाला होता.

लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून पुरतात. मांडी घातलेली, डाव्या तळहातावर लिंग, कपाळाला विभूती, चौकोनी खड्डा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. धारवाडात वाढलेल्या कुणालाही ते माहीत असतं. सजवलेल्या खुर्चीत बसवून नेलेली माणसं मी लहानपणापासून घराच्या ओट्यावरून पाहिली होती. रुद्रभूमीतल्या माणसानं मला खड्ड्याचा आकारसुद्धा सांगितला होता. पण प्रश्न करायला बसले तेव्हा मी आमच्या घरातलीच होऊन बसले. आमच्याकडे मेलेला माणूस आडवा असतो, डोकं दक्षिणेला. माझ्या बारा प्रश्नांत तो पहिल्यापासून आडवाच होता. अव्वानं मला 'कसं' म्हणून विचारलं होतं ते एवढंच होतं, आणि तिनं ते जास्त समजावलं नाही, कारण तिला वाटलं की ते कुणालाही कळेल.

"मी पुन्हा विचारून येते," मी म्हटलं. "या वेळी नीट विचारते."

"बसवलं असेल तर तो पोचला," ती म्हणाली. "निजवलं असेल तर अजून पडून आहे. मी घेऊन गेले असते तर बसवलं असतं. पोलीस नको म्हणत नव्हते. मी नको म्हटलं." मग उठत, "विचारून या, बाई. घाई नाही," असं म्हणून ती गेली.

घाई होती. पण त्या आठवड्यात कोर्टाची कामं निघाली आणि मी दुसऱ्या रविवारी गेले. खोप बंद होती. वर्कशॉपच्या पहारेकऱ्यानं सांगितलं की म्हाताऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला, त्याला सुनेनं घरी नेलं. घर फार लांब नव्हतं. तो अंगणात बाजेवर होता. उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं, वाचा बंद. मला पाहून त्याच्या डोळ्यांत ओळख आली.

मी बाजेजवळ बसले. या वेळी एकच प्रश्न होता आणि मी तो कन्नडमध्ये हळू विचारला. "त्याला बसवलं होतं?"

त्यानं मान हलवली. हो.

मला एकदम इतकं बरं वाटलं की मी उठणारच होते. पण खात्री करावी म्हणून विचारलं, "निजवलं होतं?"

त्यानं तशीच मान हलवली. हो.

मी प्रश्न फिरवला. बसवलं असेल तर डोळे मिटा म्हटलं, त्यानं मिटले. निजवलं असेल तर मिटा म्हटलं, तेव्हाही मिटले. जमिनीवर काडीनं एक चौकोन काढला आणि एक लांब आकृती काढली, आणि डाव्या हातानं दाखवायला सांगितलं. त्यानं हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. आशीर्वाद द्यावा तसा.

सून दारातून पाहत होती. "नका विचारू, अक्का," ती म्हणाली. "जेवलात का म्हटलं तरी हो म्हणतात, भूक लागली का म्हटलं तरी हो."

"आधीपण असेच होते का?"

"आधी बोलत होते. पण नाही असं कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नाही."

महिन्याभरात तो गेला. त्या दिवशी खड्ड्याजवळ असलेला दुसरा कुणी मला सापडला नाही. वीस पोलिसांपैकी तिघांचा पत्ता लागला. तिघेही रस्त्याकडे तोंड करून उभे होते, गर्दी येईल म्हणून. वकीलसाहेबांनी ओळखीनं जुना कागद काढून पाहिला. त्यात 'दफन केले' एवढंच होतं.

"उकरायची परवानगी मागता येईल का?" मी वकीलसाहेबांना विचारलं.

"कशासाठी म्हणून अर्ज करू? माणूस बसलाय की निजलाय ते बघायचंय म्हणून?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, नऊ वर्षांत हाडं होतात. हाडं बसत नाहीत." आवाज मात्र नरम होता त्यांचा.

अव्वाला मी खरं ते सांगितलं. दुसरं काही सांगावं असं मनात आलं नाही असं नाही. 'बसवलं' एवढा एक शब्द होता, आणि विचारायला जाण्यासारखं माणूसही उरलं नव्हतं. पण एकदा मी तिला न पाहिलेलं पाहिल्यासारखं वाचून दाखवलं होतं. दुसऱ्यांदा जीभ उचलली नाही.

"कळत नाही, अव्वा," मी म्हटलं. "आता कळणारही नाही. पहिल्याच दिवशी नीट विचारलं असतं तर कळलं असतं. चूक माझी आहे."

"तुमची कसली," ती म्हणाली. पण तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

नंतर दोन-तीन महिने ती आली नाही. मग एका दुपारी आली ती कागद करायचा म्हणून. काय लिहायचं ते तिनं ठरवून आणलं होतं. मी मेल्यावर मला बसवू नये. मला निजवून पुरावं.

मी टाइपरायटरवरचे हात काढून घेतले. "अव्वा, तो बसलेला असला तर?"

"असला तर बरंच आहे. बसू दे की."

"मग तुम्ही कशाला निजता?"

"निजलेला असला तर एकटा नको," ती म्हणाली. "मी नको म्हटलं म्हणून निजला. मग मी कुठल्या तोंडानं बसू?"

पुतण्याला सांगते म्हटलं तर तिनं माझा हात धरला. आता सांगितलं तर तो चार माणसं गोळा करील, स्वामींना बोलावील, सगळे मिळून मला समजावतील आणि मी ऐकेन, म्हणाली. मी जाईन त्या दिवशी कागद दाखवा. वकीलसाहेबांनी स्पष्ट सांगितलं की अशा कागदाला कायद्यात फारसं वजन नाही, घरची माणसं करतील ते खरं. तरी मी तो टाइप केला. दोन प्रती. तिचा अंगठा घेतला, खाली दोन साक्षीदार. एक प्रत तिच्या पेटीत, एक ऑफिसच्या कपाटात, पहिल्या खणात, वरच. तिच्या शेजारणीला ऑफिसचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दिला आणि सांगितलं, काही झालं तर आधी मला कळवायचं. शेजारणीनं तो चुलीमागच्या भिंतीवर चिकटवला. यात काही सुटलंय असं मला वाटलं नाही. मी दोनदा तपासलं.

ती गेली ती पुढं दीड-दोन वर्षांनी. शेजारणीनं फोन केला, ठरल्याप्रमाणे. पण ऑफिस दहाला उघडायचं. अव्वा पहाटे गेली होती. मी कपाटातून कागद घेतला, रिक्षा केली आणि जुन्या हुबळीत पोचले तेव्हा अकरा वाजत आले होते.

गल्लीतूनच भजन ऐकू येत होतं. मी चपला काढून आत गेले. अव्वा भिंतीला टेकून बसली होती. मांडी घातलेली, नवं लुगडं, कपाळभर विभूती. मान पडू नये म्हणून कपाळाभोवती कापडाची पट्टी बांधून खिळ्याला अडकवली होती. डावा हात मांडीवर, तळहातावर लिंग, त्याच्यावरून पातळ फडकं. तिला असं ताठ बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

पुतण्याला मी मागच्या अंगणात बोलावलं. चाळिशीचा माणूस, रात्रभर जागलेला. त्यानं कागद वाचला. मग पुन्हा वाचला.

"हे तिनं सांगितलं?"

"हो. अंगठा आहे तिचा."

"आधी सांगायचं की, अक्का."

"तिनं सांगू नको म्हटलं होतं."

तो रागावला नाही. रागावला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. "जीव गेल्या गेल्या बसवलं आम्ही," तो म्हणाला. "तासाभरात बसवावं लागतं. नंतर अंग ताठतं. आता सहा तास झाले." त्यानं कागदाची घडी घातली. "आता निजवायचं तर गुडघे मोडावे लागतील. कंबर मोडावी लागेल. आम्ही पाचजण आहोत, करू. तुम्ही कागद आणलाय, तुम्ही सांगा. मोडू?"

तो खरंच विचारत होता. आत भजन थांबलं होतं आणि कुणीतरी खुर्ची आली का म्हणून हाक मारत होतं.

"नको," मी म्हटलं.

त्यानं कागद माझ्या हातात परत दिला आणि आत गेला. थोड्या वेळानं मीही गेले. एका बाईनं माझ्या ओंजळीत बेलाची पानं घातली आणि पुढं व्हा म्हणाली. मी ती अव्वाच्या मांडीवर ठेवली. गुडघ्याला हात लागला. लाकडासारखा होता.